मोहीम सावन्नाखेत

रविवार, ६ मे. कलासिन, थायलंड.

आज चर्चनंतरच्या जेवणात माझी मोहीमप्रमुख म्हणून एकमताने निवड झाली. मत माझं एकट्याचंच होतं, पण कुणी नाही म्हटलं नाही. फेली भात वाढत होती आणि जोवेलिन फोनवरून फिलिपाइन्समध्ये सेबूतल्या आपल्या पोरांना ओरडत होती.

मोहीम अशी: मंगळवारी सीमेवरचं मुकदाहान, तिथून पुलावरच्या बसने मेकाँग ओलांडून लाओसमधलं सावन्नाखेत. बुधवारी तिथल्या थाई वकिलातीत अर्ज. गुरुवारी नवा व्हिसा घेऊन परत. शाळा पुढच्या आठवड्यात उघडते. व्हिसा नसेल तर शाळेला आम्हाला ठेवून घेता येणार नाही, असं प्रिन्सिपॉल वानपेनबाईंनी फेली, जोवेलिन आणि मला समोर बसवून सांगितलं. सांगताना बघत मात्र माझ्याकडेच होत्या. साहजिक आहे. इंग्रजी विभागाचं प्रमुखपद रिकामं आहे आणि 'व्हिसा घेऊन या, मग बोलू' असं त्या म्हणाल्या. 'बोलू' हा शब्द कुणी उगाच वापरत नाही.

व्हिसा नाही मिळाला तर मायदेशी इलोइलोला परत जाऊन भावाच्या व्हरांड्यात झोपावं लागेल. भावाकडे कोंबडे आहेत. पण हा विचार करायचं कारण नाही. ही माझी नववी खेप. त्या दोघींची पहिली-दुसरी.

फेलीबद्दल. फेलिसितास दुमलाव, बालवर्गाची टीचर, विधवा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मला 'कुया दोरो' म्हणते. कुया म्हणजे दादा. सगळेच म्हणतात. पण ती ज्या सुरात म्हणते त्यात दादापेक्षा जास्त काहीतरी आहे, असं नाताळपासून मला वाटतंय. प्रवासात तिला भलती आशा लागणार नाही, याची काळजी घेणे.

संकल्प: संपूर्ण प्रवासात थाईतच बोलायचं. सीमेवरच्या लोकांना बरं वाटतं.

सोमवार, ७ मे

तयारी पूर्ण. शिट्टी विकत घेतली. ग्रुप एकत्र ठेवायला लागते.

फेली संध्याकाळी आली. म्हणाली, कुया, तिघांचे पासपोर्ट एकदा बघून घेते, दे इकडे. मी हसलो. आठ वेळा जाऊन आलेल्या माणसाचा पासपोर्ट तपासायचा? तिला म्हटलं, तू आपली बालवर्गाची नाकं तपास. तीही हसली. जाताना माझ्याकडे वळून बघितलं. (पंखा चालू राहिला होता, तो बंद कर म्हणाली. निमित्त.)

बिको केला. चिकट भात, नारळाचं दूध आणि गूळ. माझ्या हातचा बिको इलोइलोत प्रसिद्ध होता. केळीच्या पानात बांधून बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवला, म्हणजे चेंगरणार नाही. मौल्यवान वस्तू मी सगळ्या त्याच कप्प्यात ठेवतो.

मंगळवार, ८ मे. सकाळ.

बसस्टँडवर शिट्टी वाजवली. फेली आणि जोवेलिन आल्या नाहीत, पण उबोन गावाला जाणारी भलतीच बस निघाली. कंडक्टरचा गैरसमज झाला. चूक त्याची.

मंगळवार, दुपार. सीमेवर.

थोडा निवांत वेळ मिळालाय, म्हणून लिहितो.

पुलावरच्या बसची पद्धत अशी: थायलंडच्या टोकाला उतरायचं, पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का घ्यायचा आणि परत त्याच बसमध्ये बसायचं. बस थोडा वेळ थांबते. दोघींना मी हे तीनदा समजावलं. जोवेलिन म्हणाली, कळलं हो बाबा, आम्ही काय बकऱ्या आहोत का? मी दुर्लक्ष केलं.

माझा शिक्का मारणारा अधिकारी भला माणूस. त्याने पासपोर्ट उघडला, मग का कोण जाणे नाकाशी नेला. नवी सुरक्षापद्धत असावी. मी त्याच्याशी उकाडा, या वर्षीचे आंबे आणि मेकाँगचं पाणी या विषयांवर थाईत बोललो. तो इंग्रजीत उत्तर देत राहिला. या लोकांना इंग्रजीचा सराव करायला कुणी मिळत नाही. मिळाला की सोडत नाहीत.

बाहेर आलो तर बस गेली होती.

पुलावर पायी जाऊ देत नाहीत. तेव्हा बाकावर बसून कॉफी घेतोय. प्रमुखाने मागे राहून सगळे नीट गेले ना हे पाहायचंच असतं. शिट्टी वाजवून बघितली. एक पहारेकरी आला आणि त्याने आपली शिट्टी माझ्या तोंडासमोर वाजवली. त्याची जास्त मोठी आहे.

फेलीचा फोन. म्हणाली, कुठे राहिलास रे कुया? मी म्हणालो, सीमेची पाहणी करतोय. म्हणाली, पाहणी झाली असेल तर पुढच्या बसमध्ये बस, आणि या वेळी तोंड मिटून बस. आम्ही लाओसच्या काउंटरपाशी थांबलोय.

थांबलीये. पुढे जाऊन आराम करता आला असता. आशा लागली वाटतं बिचारीला.

मंगळवार, संध्याकाळ. सावन्नाखेत.

पोचलो. दोघी काउंटरजवळ पायरीवर बसून भाजलेली केळी खात होत्या. माझ्यासाठी एक ठेवलं होतं. जोवेलिनच्या म्हणण्यानुसार तीन ठेवली होती.

गेस्ट हाउसची मालकीण इंग्रजीच्या सरावाला आसुसलेली निघाली. नदीकाठी बसून बिको काढला. केळीचं पान फुटलं होतं, गूळ थोडा इकडेतिकडे पसरला होता. चवीत फरक नाही. फेलीने दोनदा घेतला. म्हणाली, कुया, तुझं लग्न झालं नाही ते या बिकोमुळे नक्कीच नाही. याचा अर्थ नीट लावायला हवा.

बुधवार, ९ मे

आजचा दिवस शांतपणे, क्रमाने लिहिणार आहे.

वकिलातीबाहेर रांग. अर्ज फक्त सकाळी घेतात. फेलीचा घेतला, जोवेलिनचा घेतला. मी प्रमुख म्हणून शेवटी राहिलो. खिडकीतल्या बाईंना थाईत नमस्कार, प्रकृतीची चौकशी वगैरे केली. त्यांनी पासपोर्टाची पानं उलटली. पुन्हा उलटली. मग इंग्रजीत म्हणाल्या, मिस्टर पालमारेस, यात कोरं पान नाही. व्हिसाला एक पूर्ण कोरं पान लागतं.

मी थाईत म्हणालो की असं होणं शक्य नाही. त्या इंग्रजीत म्हणाल्या, आहे हे असं आहे. नवा पासपोर्ट काढून या.

नवा पासपोर्ट म्हणजे बँकॉकला आमच्या वकिलातीत अर्ज, आणि मग आठवडेच्या आठवडे. शाळा पुढच्या बुधवारी उघडते.

अशा प्रसंगी मी आधी परिस्थितीचा विचार करतो. त्यासाठी फाटकाबाहेरच्या पायरीवर बसलो. (जोवेलिन म्हणते मी पांढराफटक पडलो होतो आणि कोंबड्यांबद्दल काहीतरी पुटपुटत होतो. ती रांगेत होती, तिला तिथून दिसणं कठीण.)

फेली आली. काही न विचारता माझ्या हातातून पासपोर्ट घेतला आणि एकेक पान बोटांत धरून बघायला लागली. मध्येच थांबली. म्हणाली, कुया, हे पान एवढं जाड कसं? मी म्हणालो, सरकारी कागद आहे. तिने वास घेतला. मग माझ्याकडे जे बघितलं ते बालवर्गातल्या पोरांकडे बघते तसं. म्हणाली, दोरो, यात बिको आहे.

'कुया' नाही म्हणाली. नुसतं दोरो. त्या गडबडीतही माझ्या लक्षात आलं.

दोन पानं गुळाने चिकटली होती. तिने ओढून बघितलं नाही. मी ओढायला गेलो तर हातावर चापट मारली. फाटकाशेजारी एक लाओ बाई नूडल सूप विकते. फेली सरळ तिच्या पातेल्यापाशी गेली, हातवारे करून काहीतरी सांगितलं. त्या बाईने झाकण बाजूला केलं. फेलीने पासपोर्ट तेवढ्याच जागेवर वाफेत धरला. थोडा धरायचा, बाहेर काढायचा, फुंकर मारायची, केसातल्या पिनेने कडा उचलायची, पुन्हा धरायचा. रांगेतले दोन फ्रेंच आणि एक रशियन सूप विसरून बघत उभे राहिले. जोवेलिनने माझी जागा धरून ठेवली होती. पुढे घुसणाऱ्या एका उंच माणसाला तिने सेबूच्या भाषेत असं काही ऐकवलं की तो परत मागे गेला.

खिडकीतल्या बाईंनी घड्याळाकडे बघितलं.

पान सुटलं. आत दोन कोरी करकरीत पानं. एक भाताचं शीत होतं. ते फेलीने नखाने काढून नूडलवालीच्या कोंबडीला टाकलं. मग पासपोर्ट आपल्या ओढणीत दाबून सुकवला, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, पळ. आणि भाषण करू नकोस.

पळालो. खिडकीतल्या बाईंनी पान बघितलं, मला बघितलं, माझ्यामागे हात पुसत उभ्या असलेल्या फेलीला बघितलं. अर्ज घेतला.

एकंदरीत संकट चांगलं हाताळलं गेलं.

बुधवार, संध्याकाळ

फेलीच्या मनगटावर वाफेने लाल चट्टा उठलाय. मी गावभर हिंडून मलम आणलं. औषधवाल्याला थाईत समजावलं. बाहेर आल्यावर कळलं ते दाताचं होतं. पुन्हा गेलो. या वेळी मनगट दाखवलं.

मलम लावून देतो म्हणालो. ती म्हणाली, माझा दुसरा हात चांगला आहे. स्वतःच लावलं. जोवेलिन फिदीफिदी हसत होती. कशाला ते कळलं नाही.

मग तिघं नदीकाठी बसलो. पलीकडे मुकदाहानचे दिवे. फेली सांगत होती की नवरा गेल्यावर पहिल्यांदा थायलंडला आली तेव्हा तिला या भाषेतला एकच शब्द येत होता, 'भात'. म्हणाली, तेवढ्यावर दोन महिने काढले. जिथे भूक लागली तिथे शब्द सापडला. मी एरवी मध्ये बोललो असतो. बोललो नाही. ऐकत बसावंसं वाटलं. तब्येत बरी नसेल.

निर्णय: फेलीला आशा लागायला माझी हरकत नाही. अधिक विचारांती, माझी तर इच्छाच आहे.

गुरुवार, १० मे. दुपार.

मिळाला! पूर्ण पानाचा, चकचकीत. किंचित नारळाचा वास येतो, पण तो मला येतो, बाकीच्यांना येईलच असं नाही.

आज परतताना पुलाच्या मध्यावर फेलीला लग्नाचं विचारणार. दोन देशांच्या मधोमध, खाली मेकाँग. जागा उत्तम आहे. थाईत विचारणार, कारण आमच्या टागालोग भाषेत विचारलं तर जोवेलिनला कळेल आणि मग अख्ख्या कलासिनला. फेलीचं थाई बालवर्गातलं आहे, 'खाली बस', 'नाक पूस', 'चावू नकोस' एवढंच. पण लग्न हा शब्द तिला नक्की येत असेल.

गुरुवार, संध्याकाळ. मुकदाहान.

विचारलं.

बस पुलाच्या मध्यावर आल्यावर उभा राहिलो, घसा साफ केला आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात विचारलं. बस एकदम शांत झाली. बस थाई लोकांनी भरलेली असते, हा मुद्दा आधी लक्षात यायला हवा होता. मग मागच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्या आजींनी पिशवी उघडली आणि मला कलिंगडाची फोड दिली. शेजारच्या माणसाने मीठ-मिरचीची पुडी पुढे केली.

फेली खिडकीला डोकं टेकून हसत होती. हसता हसता डोळे पुसत होती. म्हणाली, दोरो, अरे लग्नाच्या शब्दाला आवाज खाली न्यायचा असतो. तू सरळ म्हणालास. सरळ म्हटलं की ते कलिंगडासारखं ऐकू येतं. तू सगळ्या बससमोर हात जोडून मला विचारलंस, माझ्याशी कलिंगड करशील का?

जोवेलिनला कळलं. तिला टागालोगची गरज पडली नाही.

पण मुद्दा हा की फेली नाही म्हणाली नाही. आधी खा, उतरायचंय, एवढंच म्हणाली. कलिंगड गोड होतं.

थायलंडच्या काउंटरवर त्या दोघी एका रांगेत गेल्या, मी दुसऱ्या. मनात बरेच विचार होते. अधिकाऱ्याने थाईत काहीतरी विचारलं. चेहरा कडक. लाओसमधून लोक फणसासारखं ते वास येणारं फळ आणतात आणि गाडीत दरवळ सोडतात, त्याबद्दल असणार. मी ठामपणे थाईत म्हणालो, नाही, माझ्याकडे तसलं काही नाही, मी तसला माणूस नाही. त्याने खांदे उडवले आणि लगेच शिक्का मारला. अजिबात वेळ लागला नाही. भाषा येत असली की काम असं होतं. फेलीला मात्र तिकडे बराच वेळ लागला, तिचा व्हिसा नीट उलटसुलट बघत होते.

शुक्रवार, ११ मे

वानपेनबाईंनी पासपोर्ट बघायला मागवले. माझा बघून म्हणाल्या, टीचर दोरो, हा शिक्का टुरिस्टचा आहे. तीस दिवसांचा. तुमचा नवा व्हिसा वापरलाच नाहीये.

मी म्हणालो, असं कसं होईल. त्यांनी विचारलं, अधिकाऱ्याने व्हिसा आहे का असं विचारलं नाही का? त्याने काल काय विचारलं होतं ते आठवून मी त्यातल्या त्यात जवळचं म्हणून दाखवलं. वानपेनबाईंनी डोळे मिटले. म्हणाल्या, हो. याचा अर्थ 'व्हिसा आहे का' असाच होतो. आणि तुम्ही काय सांगितलंत?

मी सांगितलं ते सांगितलं.

बराच वेळ त्या खिडकीबाहेर बघत होत्या. खांदे हलत होते. मग म्हणाल्या, उद्या परत पुलापलीकडे जा, फिरा, आणि त्या व्हिसावर शिक्का घेऊन या. शाळेला तुम्ही हवे आहात, पोरांना तुमची गाणी आवडतात. तेव्हा कृपा करून नीट या.

विभागप्रमुखाबद्दलही त्या बोलल्या. फेलीशी. सोमवारपासून ती बघेल. म्हणाल्या, अडचणीत डोकं ठिकाणावर ठेवणारी व्यक्ती हवी, सावन्नाखेतहून जोवेलिनने फोटो पाठवले होते. फोटोत पातेलं, पासपोर्ट आणि फेली आहे. मागे पायरीवर मी आहे. प्रकाश चुकीच्या दिशेने असल्याने चेहरा पांढरा आलाय.

अभिनंदन करायला गेलो. ती म्हणाली, ते राहू दे, उद्याचं ऐक. व्हिसाचं पान उघडायचं, त्यावर बोट ठेवायचं, पासपोर्ट द्यायचा. तोंड उघडायचं नाही. म्हणून दाखव. मी म्हणालो, तोंड उघडायचं नाही. ती म्हणाली, म्हणताना उघडलंस.

विभागप्रमुख म्हणून तिची ही पहिली सूचना. ठीक आहे. पद तिला, अनुभव मला.

शनिवार, १२ मे

गेलो. एकटाच. शिट्टी घरी ठेवली.

पलीकडे उतरलो, आत शिक्का, वळलो, बाहेर शिक्का, परत त्याच बसमध्ये. ड्रायव्हरने ओळखलं. कलिंगडाची खूण करून अंगठा दाखवला. मी मान हलवली. बोललो नाही.

काउंटरवर बोट ठेवलं. तोच अधिकारी. त्याने व्हिसा बघितला, मला बघितलं, काहीतरी विचारलं. मी बोट दाबून धरलं. तो उचल म्हणाला, कारण शिक्का मारायला जागा नव्हती. उचललं. मारला. पूर्ण काळाचा, योग्य.

बाहेर कॉफीवालीने माझ्याशी चक्क थाईत बोलायला सुरुवात केली. भरभर, आपल्याच माणसाशी बोलावं तसं. मला निम्मं कळलं. निम्मं म्हणजे साखर.

परतीच्या बसमध्ये फेलीला काय म्हणायचं त्याची टागालोगमध्ये तयारी केली. साधं वाक्य. सुरांची भानगड नाही. ती नाही म्हणाली नव्हती, हे पुन्हा एकदा नोंदवून ठेवतो. माणसाला नकार द्यायचा असेल तर पुलावर भरपूर वेळ होता.

रविवार, १३ मे

चर्चनंतर सगळे जेवायला जमले. मी फेलीला मागच्या पडवीत गाठलं. ती अदोबोचं, म्हणजे मांसाच्या रश्श्याचं, मोठं पातेलं घासून ठेवत होती. टागालोगमध्ये विचारलं. एकच वाक्य. न चुकता.

तिने हात पुसले. हसली नाही. या वेळी हसली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, दोरो, तुझ्याशिवाय इथे माझं मन रमणार नाही, हे खरं आहे. पण मी चार मुलं वाढवली. शेवटच्याला गेल्या वर्षी नोकरी लागली. आता पाचवं नको रे.

मी म्हणालो, बरं.

ती म्हणाली, रागावलास? मी म्हणालो, नाही. खरंच नाही, फक्त दुसरं काय म्हणायचं ते सुचेना. टागालोगमध्येही नाही, थाईत तर नाहीच.

मग ती म्हणाली, उद्या मीटिंग आहे, वेळेवर ये, पहिलीच्या वर्गाला नवं गाणं बसवायचंय, ते तूच बसवायचंस. मी हो म्हणालो. ती म्हणाली, जेवलास का? मी नाही म्हणालो. तिने ताट वाढलं.

पडवीत बसून जेवलो. शेजारी ती कांदे सोलत बसली. भात संपला तेव्हा तिने आणखी वाढला. मी तोही खाल्ला.